जंताच्या गोळ्या किती वर्षं वाटायच्या? संडास-पाण्याचं काय?

डोंगरवाडीकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी. २०१५ पासून आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. १ ते १९ वर्षांच्या पोराला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी, दोन वर्षांखालच्याला अर्धी, चुरून. बाई समोर उभ्या राहून चावायला लावतात, नावापुढे खूण, एक फोटो, अहवाल वर रवाना. पुढल्या फेरीला पुन्हा तेच.

गोळीशी माझं वैर नाही. पण गोलकृमीची एक मादी दिवसाला दोनेक लाख अंडी घालते. ती विष्ठेतून मातीत पडतात, ओल आणि सावली मिळाली की दोन-तीन आठवड्यांत लागण करायला तयार होतात आणि पुढे वर्षानुवर्षं टिकतात. गोळी पोटातला जंत मारते, अंगणातल्या अंड्याचं ती काय वाकडं करणार? निरनिराळ्या देशांतल्या नोंदी एकत्र करून पाहिलं तर गोळी दिल्यावर वर्षभरात गोलकृमीचं प्रमाण जवळपास पहिल्याइतकंच होतं. हुकवर्मचं, म्हणजे आतड्याला चिकटणाऱ्या जंताचं, पहिल्याच्या निम्म्यापर्यंत परत चढतं. चाबूककृमी तर एका गोळीला धडपणे मरतही नाही.

मग हे वाटप चालवायचं कशाला? हाच पैसा आणि हीच माणसं संडास, सांडपाणी आणि पिण्याच्या पाण्यावर लावा. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ मध्ये रॉकफेलर या धनाढ्य उद्योगपतीच्या पैशातून हुकवर्मविरुद्ध मोहीम निघाली, तेव्हा औषधाबरोबर गावोगाव संडासांचाही आग्रह धरला होता. शंभर वर्षांपूर्वी जे कळत होतं ते आज का कळू नये?

खडूस आत्या

आमच्या वेळी वावडिंग घातलेलं पाणी द्यायचे आणि गूळ-साखर डब्यात कुलूपबंद. पोरं रात्री दात खायला लागली की समजायचं, जंत झाले. हल्ली दिवसभर चॉकलेटं, मग होणार नाहीत तर काय.

गल्लीतला डॉक्टर

आत्या, साखरेनं जंत होत नाहीत. अंडं तोंडातून जावं लागतं किंवा अळी कातडीतून शिरावी लागते. दात खाण्याचाही जंतांशी संबंध सिद्ध झालेला नाही. वावडिंग द्या, पण त्यापायी शाळेतली गोळी चुकवू नका.

धागाकर्त्यांशी साफ असहमत. तुमचा हिशेबच चुकतोय. गोळीला लागतात काही रुपये. एका संडासाचं सरकारी अनुदान १२ हजार. देशातल्या सगळ्या गोळ्या बंद करून किती संडास उभे राहतील ते मांडून बघा, आणि तोवर पोरांनी पोटात जंत पोसत बसायचं का? हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याची एक जात दिवसाला ०.२ मिलिलिटरपर्यंत रक्त घालवते. असे शंभर असले तर? आधीच अशक्त असलेल्या, पाळी सुरू झालेल्या मुलीचं हिमोग्लोबिन कुठे जाईल?

केनियात बुसिया जिल्ह्यात १९९८ पासून ७५ शाळांत टप्प्याटप्प्यानं गोळ्या दिल्या. मुलांची गैरहजेरी पावपट कमी झाल्याचं त्या अभ्यासात आलं. माती कमी नासली म्हणून आसपासच्या गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला, असाही त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे अंगणातल्या अंड्यांचं वाकडं करता येतं, नवी पडायची थांबवून.

आकडेमोड

डॉक्टर, बुसियाची कहाणी अर्धीच सांगितलीत. २०१५ मध्ये त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली, आकडेमोडीतल्या चुका निघाल्या आणि शेजारच्या शाळांना झालेला फायदा बराच आटला. त्यावरून तज्ज्ञांत जे जुंपलं ते अजून पुरतं शमलेलं नाही. आपल्या उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर पाच वर्षं प्रयोग झाला, दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल. २०१३ मध्ये निकाल छापून आला: वजनात आणि बालमृत्यूत म्हणावा असा फरक नाही.

आता धागाकर्ते खूश होतील, म्हणून त्यांच्यासाठीही. ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या १०० गावांत संडास मोहिमेची चाचणी झाली, निकाल २०१४ चा. मोहिमेच्या गावांत संडास असलेली घरं ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली. जुलाब कमी झाले नाहीत. जंतही कमी झाले नाहीत. आता बोला.

डोंगरवाडीकर

बोलतो की. पुरीत संडास *बांधले*, ते *वापरले* किती जणांनी? घरातल्या बाया जातात, पुरुष शेताकडे, आणि लहान बाळाची शी उकिरड्यावर. कित्येक ठिकाणी संडासात सरपण रचलेलं असतं, हे आपल्याकडेही पाहिलंय. हागणदारीमुक्तीचा बोर्ड वेशीवर आणि टमरेलवाले बोर्डाच्या मागे. अर्धं गाव उघड्यावर जात असेल तर उरलेल्या अर्ध्याच्या संडासाचा मातीला काय उपयोग? तुमच्या निकालातून निघतं ते इतकंच, की अर्धवट काम कामाचं नाही.

गल्लीतला डॉक्टर

हाच न्याय गोळीलाही लावा ना मग. उत्तर प्रदेशच्या प्रयोगात बहुतेक मुलांना जंतांचा भार मुळातच हलका होता. हलक्या भारावर गोळी चमत्कार करत नाही. जिथे पोट जंतांनी भरलंय तिथे करते. दोन्हींची सरासरी काढून ‘फरक नाही’ म्हणणं मला पटत नाही.

रोखठोक राव

एवढा काथ्याकूट कशाला? चप्पल घाला, नखं कापा, जेवणाआधी साबणानं हात धुवा. आमची पोरं धुतात, त्यांना जंत नाहीत. सगळं सरकारनं करायचं का?

माळावरची

राव, तुमच्याकडे नळ आहे.

मी बीडकडची, शिक्षिका. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर गेलेल्या मुलांची कामं करते, म्हणून कारखान्यांच्या तळांवर जाणं होतं. पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, दोन कोप्यांत हातभर जागा. टँकर येईल तेव्हा पाणी, तेही हंडा-कळशीच्या रांगेत. बायका पहाटे तीन-चारला उठतात, भाकरी थापतात आणि अंधारातच उसाच्या आडोशाला जातात, कारण दुसरी जागाच नाही. उजाडल्यावर त्याच बांधाला तीन-चार वर्षांची पोरं उघड्या पायांनी वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करत असतात. लहानग्याला फडाच्या कडेला झोळीत टाकलेलं. दुपारी फडक्यातली भाकरी सोडायची, कोयत्याच्या हातानंच मिरचीबरोबर खायची. हात धुवायला पाणी? प्यायला कॅन भरून आणलेला असतो तो.

उसाला सारखं पाणी, खाली ओली माती, वर गर्द सावली. हुकवर्मच्या अळीला याहून वेगळं काही लागत नाही. पोरांच्या बोटांच्या बेचक्यात खाज, पुरळ, आई म्हणते चिखल्या झाल्या. असतीलही. तपासलंय कोणी?

आणि गोळीचं म्हणाल, तर फेब्रुवारीची फेरी भर हंगामात येते. आमच्या गावच्या हजेरीपटावर नावं असतात, पोरं असतात दोन-तीनशे किलोमीटरवर. तिथल्या अंगणवाडीच्या यादीत ती नसतात. तुम्ही दोघं गोळी की संडास म्हणून भांडताय. यांना दोन्हींतलं काहीच मिळत नाही.

कडूकारलं

पाण्यावरून एक पुरवणी. विहिरीत टीसीएल पावडर (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकली की झालं असं ग्रामपंचायतींना वाटतं. क्लोरीननं कॉलऱ्याचा जंतू मरतो, पण गोलकृमीचं अंडं मरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा सूक्ष्मजीव तर क्लोरीनला भीकच घालत नाही. पाणी उकळणं हा उपाय, पण सरपण कोणाच्या पैशानं? जिआर्डिया या आतड्यातल्या दुसऱ्या सूक्ष्मजीवालाही शाळेतली ती एक गोळी पुरत नाही. त्यामुळे ‘पोटात दुखतं, गोळी घेतलीय’ म्हणून निर्धास्त राहू नका, शौचतपासणी करून घ्या.

शहरवाल्यांनी हसू नये. नाल्याच्या पाण्यावरचा पालक कोणाच्या ताटात येतो ते माहीत आहे.

गल्लीतला डॉक्टर

माळावरची, पटलं. पण यातून वाटप बंद करा असं निघत नाही, वाटपाची जागा बदला असं निघतं. दक्षिण कोरियात १९७१ च्या देशव्यापी पाहणीत ८४ टक्के लोकांच्या शौचात जंतांची अंडी निघाली होती. तिथे शाळेतल्या प्रत्येक मुलाचा नमुना वर्षातून दोनदा तपासायचे आणि निघेल त्याला औषध. त्याच काळात शेतात मैला टाकणं मागे पडून रासायनिक खत आलं. १९९० च्या दशकाअखेर गोलकृमी नावापुरता उरला. आधी संडास मग औषध, असं तिथे कोणी थांबून राहिलं नाही.

डोंगरवाडीकर

कोरियाचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, डॉक्टर. तिथे तपासून औषध दिलं आणि मातीत मैला जायचा थांबला. आपण तपासत नाही आणि मैलाही थांबवत नाही, फक्त गोळी देतो. तळावरच्या पोरांना गोळी जरूर द्या. पण तिथे संडास कोणी बांधायचे? कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी उचल (आगाऊ रक्कम) दिली तेवढंच, ग्रामपंचायत म्हणते हे आमचे रहिवासी नाहीत.

माळावरची

कारखान्यानं. ऊस त्याचा, हंगाम त्याला आधीपासून ठाऊक, तळाची जागा तोच देतो. गाळप सुरू करायच्या परवानगीला तळावरचे संडास आणि पाण्याची टाकी जोडा, म्हणजे बांधतील. आणि गोळीसाठी मुकादमाकडे टोळीची यादी असते, कोयत्यागणिक, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्यागणिक. ती आशाताईंच्या हातात द्यायला कोणाची परवानगी लागते ते कोणाला माहीत असेल तर इथे लिहा. हंगाम अजून दोन महिने आहे.