ब्रेक दाबला की चाकातून आवाज : तुमच्या गाडीत काय निघालं?

ब्रेक दाबला की चाकातून आवाज येतो, एवढंच मिस्त्रीला सांगितलं तर तो पॅड, म्हणजे चाकाच्या डिस्कवर दाबून गाडी थांबवणारे तुकडे, बदलायला घेतो. पॅड बदलतात, बिल होतं, आवाज तसाच. आमच्या आर्वीकडच्या रस्त्यांवर धूळ, गिट्टी, चिखल सगळंच आहे, त्यामुळे सारख्याच आवाजामागं वेगवेगळी कारणं निघतात. म्हणून विचारतोय: आवाज कसा होता, नेमका केव्हा येत होता, अन् चाक खोलल्यावर काय सापडलं? अंदाज नकोत, सापडलेलं लिहा. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल.

वणी

आमचा चिर्रर्र, बारीक अन् टोचणारा. पॅडला एक छोटी पोलादी पट्टी असते. पॅडचं अस्तर झिजून साधारण ३ मिमीच्या आसपास आलं की ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, घासते. मालकाला कळावं म्हणून मुद्दामच बसवलेली. सगळ्या पॅडना ती नसते, पॅड घेताना बघून घ्या. गाडी मेहुण्याची. कापसाची वेचणी आटोपू दे म्हणत त्यानं तशीच दामटली. मग चिर्रचं खर्र झालं, लोखंडावर लोखंड. डिस्कवर नख अडकेल अशा रेघा पडल्या. लेथवर टर्निंग करून, म्हणजे तासून सपाट करून घेऊ म्हणाला, पण डिस्कवरच किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मोजली तर आधीच त्याखाली. उजवी-डावी दोन्ही नवीन घ्यावी लागली.

दर्यापूर

आमच्याकडची काळी माती म्हंजे काही विचारू नका. पावसाळ्यात वावरातून गाडी काढली का रिमच्या आत गोळे बसते अन् वाळून पक्के होते. मले खर्र खर्र येत होतं, पण पुढून का मागून हेच समजत नव्हतं. एक सोपी गोष्ट करजा: मोकळ्या सपाट जागी, एकदम हळू चालीवर, बटन दाबून धरून हॅन्डब्रेक थोडा थोडा ओढा. बहुतेक गाड्याईचा हॅन्डब्रेक मागच्याच चाकाईवर चालते. तेव्हाबी तोच आवाज आला तर पुढचे पॅड काऊन खोलता?

मागचा ड्रम, म्हंजे ज्याच्या आतून ब्रेक लागते तो गोल लोखंडी डबा, निघे ना. मिस्त्री हातोडा घेऊन आला. मी म्हटलं, थांब बे. लय ड्रमाईच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असते. हॅन्डब्रेक सोडून, पुढच्या चाकाईले दगड लावून, त्या भोकाईत ८ मिमीचे बोल्ट दोन्हीकडून सारखे कसत गेलं का ड्रम सुटून पुढं येते. आत निघाली माती अन् लायनरची, म्हंजे ब्रेकच्या अस्तराची भुकटी. ते हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमधी ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसाले घातक. ओल्या फडक्यानं पुसा.

हिंगणघाट

एवढा कुटाना कायले? डिस्कवर थोडं तेल सोडा, आवाज बंद.

दर्यापूर

हो भाऊ, आवाज बी बंद अन् ब्रेक बी बंद. असं कोणी करू नका रे. पॅडनं तेल पेलं का तो फेकाच लागते.

परतवाडा

चिखलदऱ्याच्या घाटात भाड्याची गाडी चालवतो. उतरताना दुसरा गिअर टाकून उतरतो, ब्रेकवर पाय ठेवून नाही, त्यामुळे चाकं फार तापत नाहीत. तरी एका चाकातून घासल्याचा आवाज अन् जळका वास यायला लागला. सपाटीवर फारसा ब्रेक न लावता गाडी चालवली, थांबलो, प्रत्येक चाकाजवळ तळहाताची मागची बाजू नेली. हात लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. डावं पुढचं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच गरम.

गॅरेजवाल्यानं रिमच्या फटीतून डोकावून सांगितलं, पॅड भरपूर आहे. मी चाक काढायलाच लावलं. फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतल्याचं अस्तर संपून तो पार मागच्या पत्र्यापर्यंत आला होता! पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून जाम झाली होती. पिना साफ करून ब्रेकचंच खास ग्रीस लावलं. साध्या ग्रीसनं रबर फुगतं. अन् कॅलिपर काढला की होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत सोडू देऊ नका, तारेनं बांधून ठेवायला सांगा. आमच्या इथं ही गोष्ट कुणीच पाळत नाही, सांगावं लागतं.

गोंदिया

रात्री पाऊस झाला की सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसतो. पहिल्या काही ब्रेकना खसखस, पुढं साफ. यासाठी गॅरेजला जाऊ नका.

यवतमाळ

रस्त्याचं काम सुरू होतं, गिट्टी पसरलेली. त्यानंतर चाकातून भयंकर खरखर, ब्रेक न दाबताही. लोक म्हणाले बेअरिंग गेलं. पण बेअरिंगचा आवाज घुमतो, वेगाबरोबर वाढतो अन् वळणावर बदलतो. हा तसा नव्हता. डिस्कमागं पातळ पत्रा असतो, खडा त्याच्यात अन् डिस्कमधे अडकला होता. रिव्हर्स घेतली तशी तो खाली पडला. पत्रा वाकला होता, तो स्क्रूड्रायव्हरनं मागं ढकलला.

तिथंच गिट्टीवर जोरात ब्रेक मारला तर गर्र गर्र होऊन पेडल पायाखाली थरथरलं. तो एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालल्याचा आवाज. तेव्हा पाय उचलायचा नसतो.

आरमोरी

मी शिक्षिका आहे, रोज गाडीनं शाळेत जाते. माझा आवाज घासल्याचा नव्हताच. ब्रेक दाबला की एकदाच 'टक्', अन् रिव्हर्स घेऊन थांबलं की पुन्हा 'टक्'. पॅड बदलून झाले, काही फरक नाही. दुसऱ्या मिस्त्रींनी आधी चाकाचे नट तपासले, कारण पंक्चर काढल्यावर ते ढिले राहिले तरी असाच आवाज येतो. नट घट्ट होते. मग त्यांनी मला गाडीत बसवलं अन् मैदानात हातभर पुढं, ब्रेक, हातभर मागं, ब्रेक असं करायला लावलं. स्वतः बाजूला उकिडवे बसून चाकाकडं बघत होते. प्रत्येक ब्रेकला चाक किंचित मागं-पुढं सरकत होतं. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं, म्हणजे लोअर आर्मचं, रबरी बुश फाटलेलं. ते बदललं, टक् गेलं. अलाइनमेंट, म्हणजे चाकं पुन्हा सरळ रेषेत लावून घ्यायला मात्र ब्रह्मपुरीला जावं लागलं.