‘शिवणयंत्र’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

रामबागचा गिटारवाला
गणपतीतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला, तर खाली एकाने लिहिलं, ‘ही गिटार नाही, शिवणयंत्र आहे. पोराला आधी गाणं शिकवा.’ तो पोरगा माझा विद्यार्थी आहे, सोळा वर्षांचा. त्याने ते वाचलं आणि दोन दिवस क्लासला फिरकला नाही. म्हणून लिहायला बसलो.

त्या सोलोची लय मिनिटाला १२० मात्रा. मात्रेला चार स्वर, म्हणजे सेकंदाला आठ. सुरुवात केली तेव्हा मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, ६०वर होता. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, एकदा खाली, एकदा वर. प्रत्येक स्वर सुटा ऐकू येईपर्यंत मी त्याला ६५वर जाऊ दिलं नाही. असे सात महिने गेले. गायकाने हेच केलं की ‘काय तयारी आहे!’ म्हणून पहिल्या रांगेतून दाद जाते. गिटारवर केलं की ती सर्कस. हा कुठला न्याय?

जुना रसिक
तो शेरा माझाच. पोरगा ते वाचेल हे डोक्यात आलं नाही, एवढी चूक माझी. बाकी मताशी ठाम आहे.

सोलोच्या मध्यावर एक बेंड आहे, म्हणजे तार ओढून सूर चढवायचा. दुसरी तार, आठवा फ्रेट (पडदा), सूर दहाव्यापर्यंत न्यायचा. पोरगा तिथे पोचलाच नाही. सूर खाली राहिला आणि तो तसाच पुढच्या पळापळीत शिरला. सेकंदाला आठ स्वर असतात तेव्हा असलं काही झाकून जातं. एकच सूर धरायची वेळ आली आणि उघडा पडला. ब्लूज गिटारवाला बी. बी. किंग एका सुरावर मनगट हलवायचा आणि कोण वाजवतंय ते भिंतीपलीकडून कळायचं. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरांनी याच गिटारवर सावकाश आलापी करून दाखवली. आणि ज्या इंदूरचं नाव गायक अमीर खाँसाहेबांनी झूमरा तालातल्या त्या संथ बढतीने जगभर नेलं, त्या इंदुरात आपण वेगाला टाळ्या देतो. वाईट वाटतं.

साउंडवाला भिया
मी त्या मंडळाचा नाही, पण व्हिडिओ पाहिला. गिटार सरळ मिक्सरला लावलीये. आवाज फाडणारं डिस्टॉर्शन पेडल गिटारच्या अँपशिवाय पीएमध्ये, म्हणजे मंडपाच्या मोठ्या स्पीकरांत, सोडलं की करकरणारच, तिथे कुणीही वाजवू दे! अँपचा स्पीकर वरची करकर गाळतो, मिक्सर गाळत नाही. मंडळं लायटिंगवर हवा तेवढा खर्च करतात आणि साउंडचेकला दहा मिनिटं देत नाहीत. मी वर्षानुवर्षं ओरडतोय. शिवणयंत्र वाटलं ते यामुळे.

देवासकर
रसिककाका, अमीर खाँचं अर्धंच सांगू नका. संथपणा अब्दुल वहीद खाँकडून आला, हे बरोबर. पण तानेत आमच्या देवासच्या रजब अली खाँचा ठसा आहे आणि मेरुखंड, म्हणजे स्वरांच्या उलटसुलट मांडण्या, आला अमान अली खाँकडून. तराने ऐका त्यांचे. ते नुसते ‘संथ’ होते म्हणणं म्हणजे निम्मा माणूस पुसणं.

जुना रसिक
मी कुठे पुसलं? त्यांची तान विलंबितातून उगवते. आधी राग उभा राहतो, मग तान. तुमच्या पोराचं सगळं तानेपासूनच सुरू होतं.

देवासकर
मग मेरुखंड काय आहे? चार स्वरांच्या २४ मांडण्या, सातांच्या ५०४०. घोकल्याशिवाय गळ्यात उतरतात का त्या? शिवाय खाँसाहेबांची सुरुवात वडिलांकडे सारंगीवर झाली. तिथे नखाच्या मुळाशी घट्टे पडेपर्यंत हात घासावा लागतो. घोकंपट्टीला नावं ठेवायची तर तिथूनच ठेवा.

रामबागचा गिटारवाला
हेच मला म्हणायचं होतं! चार बोटांच्या २४ मांडण्या मी पहिल्या वर्षीच करून घेतो. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-चार-तीन. पालक विचारतात, गाणं कधी शिकवणार? त्यांना आता काय सांगायचं ते कळलं. आणि गिटारवाला जॉन मॅक्लॉफ्लिन ‘शक्ती’ या बँडमध्ये केवढ्या वेगात वाजवायचा! त्याच माणसाने फ्रेटांमधलं लाकूड कोरून घेतलं, तार मींडेसारखी ओढता यावी म्हणून. एकाच हातात दोन्ही राहू शकतं.

पलासियाची आई
२४ मांडण्या वाचून अंगावर काटा आला. माझ्या मुलाला एका क्लासमध्ये रोज ‘अजून पाच वाढव’ सांगायचे. तो दुखतंय म्हणाला, तर ‘सवय होईल’. एक दिवस त्याला पोळीचा तुकडा मोडता येईना. मनगट सुजलं होतं. तीन महिने गिटार कपाटावर.

रामबागचा गिटारवाला
ताई, वाईट झालं. पण हात चुकीचा धरला असणार. वेगाचा काय दोष?

पलासियाची आई
तुम्ही पाहिला होता का त्याचा हात? त्याला ताप आला असता तरी तुम्ही त्याचीच चूक काढली असती! चौदा वर्षांच्या मुलाला कुठे थांबायचं ते कोण सांगणार, तो की मास्तर? त्या तीन महिन्यांत तो नुसता ऐकत बसायचा. परत हातात घेतली तेव्हा एका तारेवर एकच ओळ हळूहळू वाजवली आणि मला पहिल्यांदा कळलं की ते कुठलं गाणं आहे. आता तो फोनच्या ट्यूनरशिवाय तारा लावतो. मला तुमच्या खाँसाहेबांतलं काही कळत नाही, पण हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जुना रसिक
ताई बोलल्या ते पुरे आहे.

देवासकर
पुरे कसं? अमीर खाँचं राहिलंच की.

रामबागचा गिटारवाला
ताई, तुमच्या मुलाचा हात न बघता बोललो. माफ करा. पोरं दुखतंय म्हणाली की मी लगेच थांबवतो, पण दुखतंय का हे आपणहून विचारत नाही. आजपासून विचारेन.

रसिककाका, व्हिडिओ हेडफोन लावून पुन्हा ऐकला. बेंड खाली आहे. माझ्या कानातून सात महिन्यांत ते सुटलं, याचा त्रास होतोय. काल पोरगा आला. आधी दहावा फ्रेट वाजवायचा, तो सूर कानात धरायचा, मग आठव्यावरून तार ओढत तिथे जायचं, एवढंच पाऊण तास केलं. मेट्रोनोम बंद होता. शेवटी सूर लागला तेव्हा त्याने स्वतःच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

वेगाबद्दल मी बोललो त्यातलं एक अक्षर बदलत नाही. पण तो शब्द तुम्ही मागे घ्या. पोरगा वाचतोय.

जुना रसिक
मागे घेतला. मत तेच आहे.