मदत हवी आहे: जिप्सीला स्पेसर टाकायचेत, लांब स्टड कुठे मिळतील?

रानगवा
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. मारुती जिप्सीला चारही चाकांना स्पेसर, म्हणजे चाकामागे बसणारी जाड चकती, टाकायचेत. स्पेसर आणून ठेवलेत, पण स्टड (चाकाचा नट ज्यावर बसतो तो बोल्ट) आखूड पडतात, नट जेमतेम धरतो. लांब स्टड पुण्यात कुठे मिळतील आणि ते बसवायला चाक ज्यावर बसतं तो हब खोलावा लागतो का, एवढंच हवंय. नाना पेठ पालथी घातली. एकाने 'असलं काही येत नाही' म्हणून वाटेला लावलं, दुसऱ्याने ट्रकचा स्टड काढून दाखवला. पुढच्या रविवारी वेल्ह्याकडे जायचंय, तेव्हा जरा लवकर सांगा. 'स्पेसर टाकूच नका' म्हणणाऱ्यांनी कृपया दुसऱ्या धाग्यावर जावं.

घाटमाथा
कुठलं मॉडेल? नॅरो ट्रॅक, वाइड ट्रॅक की किंग? स्पेसर किती मिलीचे? रिम लोखंडी की अलॉय? टायर कुठला? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणावं तसं झालंय हे.

पाना_पक्कड
स्पेसर टाकूच नका. :)

रानगवा
नॅरो ट्रॅक, ९१ ची. रिम लोखंडी. स्पेसर १५ मिलीचे, अ‍ॅल्युमिनियमचे, मधल्या भोकासकट नुसती चकती. आता सांगा, स्टड कुठे?

लेथवाला_भोसरी
साहेब, दुकानं कशाला हिंडताय? एक जुना स्टड काढून आणा, लेथवर वीस बनवून देतो. ईएन ८ पोलादाचा बार, १२ मिलीला १.२५ चे आटे, पाहिजे तेवढी लांबी. ट्रॅक्टरचे, क्रेनचे करून दिलेत, आजवर एकाची तक्रार नाही. दुकानातला माल घेऊन काय करायचंय, त्याच्यावर फक्त डबा चांगला असतो.

ताणशक्ती
वरच्या सल्ल्यावर हात जोडून विनंती, हे करू नका. चाकाचा स्टड म्हणजे गेटचा बोल्ट नव्हे. कंपनीच्या स्टडचे आटे कापलेले नसतात, दाबून रोल केलेले असतात, त्यामुळे आट्याच्या मुळाशी चीर सुरू होत नाही. वर हीट ट्रीटमेंट. १०.९ ग्रेड म्हणजे किमान १०४० मेगापास्कल ताणशक्ती. साधा ईएन ८ चा बार त्याच्या आसपासही जात नाही.

आणि सगळ्यांचा एक गैरसमज असतो की गाडीचं वजन स्टड पेलतो. तसं नाही. नट आवळला की स्टड ताणला जातो, त्या ताणाने रिम ब्रेकच्या ड्रमवर दाबून बसते आणि दोघांमधलं घर्षण वजन पेलतं. मऊ स्टड हळूहळू लांबतो, दाब कमी होतो, रिम सूक्ष्म हलायला लागते. मग स्टड तुटतो. एक तुटला की बाकीच्यांना वेळ लागत नाही.

लेथवाला_भोसरी
ईएन १९ घ्या मग. हीट ट्रीटमेंट शेजारच्या शेडमध्ये होते, हार्डनेस मोजून देतात. पुस्तकातलं आम्हालाही माहीत आहे. कंपनीचा स्टड आभाळातून पडतो का? तोही कोणीतरी एमआयडीसीतच बनवतो.

ताणशक्ती
बनवतो, पण त्याच्याकडे रोलिंग मशीन असतं आणि दर लॉटमधले काही नग तोडून बघतात. तुम्ही बघता?

सह्यवेडा७
मी सांगतो. नॅरो ट्रॅकला स्पेसर म्हणजे वरवरची मलमपट्टी. मारुतीने १९९३ मध्ये ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, ९० मिलीने वाढवला तो उगीच नाही. वाइड ट्रॅकचे दोन्ही अ‍ॅक्सल शोधा आणि सरळ बसवा. माझ्या गाडीला तेच केलं. घाटात गाडी आता अंगावर येत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडला चक्कर मारा, नशिबात असेल तर जोडी मिळते.

घाटमाथा
त्याने १५ मिलीच्या चकतीसाठी स्टड विचारलाय, तुम्ही त्याला दोन अ‍ॅक्सल घ्यायला लावताय!

डिस्पोजलभाऊ
९१ ची जिप्सी सिव्हिल आहे की आर्मी डिस्पोजल? आर्मीची असेल तर चॅसी नंबर नीट बघून घ्या. लिलावात घेतलेल्या गाड्यांची कागदं करता करता माणूस म्हातारा होतो. सॉफ्ट टॉप आहे का? फोटो टाका.

रानगवा
सिव्हिल आहे. सॉफ्ट टॉप आहे. याचा स्टडशी काय संबंध?

जुनी_मोटार
रानगवा, मला तुम्ही काका म्हणा, चालेल. एकच विचारतो: स्पेसर टाकायचे ठरलं ते नेमकं कशासाठी? दिसायला रुंद, की काही घासतंय?

रानगवा
काका, घासतंय. नवीन टायर टाकले, तेव्हापासून स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतून पाट्याला (लीफ स्प्रिंगला) लागतो. पाट्याच्या कडेला चांगला चकचकीत पट्टा पडलाय, आणि गाडी उभी करतो तिथे रबराची काळी भुकटी.

जुनी_मोटार
आलं आता मुद्द्यावर. टायरचा आकडा?

रानगवा
२३५/७५ आर १५. सगळेच टाकतात.

जुनी_मोटार
टाकतात खरे. आता हिशोब करू. आपण मूळ २०५/७० आर १५ धरू. रुंदी ३० मिलीने वाढली, म्हणजे आतल्या अंगाला १५ आणि बाहेरच्या अंगाला १५. पाट्याला लागतं ते हे आतलं १५. त्यामुळे तुमचा स्पेसरचा आकडा चुकीचा नाही, १५ ची चकती टायरची आतली कड होती तिथे नेऊन ठेवते.

पण उंचीही वाढलीय. जुना टायर ६६८ मिलीचा, नवा सुमारे ७३३. बाहेर सरकवलेला आणि वर उंच झालेला टायर वळताना मोठा घेर घेतो. पाट्याचं घासणं थांबेल आणि पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला किंवा पत्र्याला लागायला सुरुवात होईल, हे आधी बघून घ्या. शिवाय स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल.

तिसरी गोष्ट. तुमची मूळ रिम साडेपाच इंची आहे. या टायरला सहा ते आठ इंची रिम लागते. साडेपाचवर टायर चिमटून बसतो, मधला भाग फुगतो आणि मध्येच झिजतो. माझं मत विचाराल तर सात इंची, कमी ऑफसेटची (चाक जास्त बाहेर बसेल अशी) रिम घ्या. रिमच चाक बाहेर काढते, स्पेसर नको, स्टड नको, ही सगळी चर्चाही नको.

सह्यवेडा७
किंवा वाइड ट्रॅकचे अ‍ॅक्सल.

रानगवा
काका, रिमचं बजेट नाही. पाच घ्याव्या लागतील, स्टेपनी धरून. स्पेसर घेऊन झालेत.

पाना_पक्कड
फुकटात होणारं सांगतो. पुढच्या नकलवर (चाक ज्या सांध्यावर वळतं त्यावर) स्टिअरिंग स्टॉपरचा बोल्ट असतो. तो थोडा बाहेर काढा, चेक नट आवळा, दोन्ही बाजू सारख्या ठेवा. चाक पाट्यापर्यंत पोचायच्या आधीच थांबेल. वळायला जागा जास्त लागेल एवढंच.

रानगवा
आधीच वळायला बोंब आहे. आमच्या गल्लीत एका दमात वळत नाही.

डॅलसचा_तात्या
इकडे अमेरिकेत हिचीच बहीण सुझुकी सामुराई म्हणून विकली जायची, १९८५ ते ९५. माझ्याकडे एक आहे, त्यामुळे राहवलं नाही. दोन गोष्टी.

एक, १५ च्या चकतीला लांब स्टड लागणारच. ज्या स्पेसरला स्वतःचे स्टड असतात, म्हणजे आधी स्पेसर नटाने बसवायचा आणि मग त्याच्यावर चाक, ते साधारण २५ मिलीच्या खाली जमत नाहीत. खालच्या नटाला लपायला जागा तर हवी. त्यामुळे 'बोल्ट-ऑन घ्या' असा सल्ला कोणी देणार असेल तर १५ ला तो लागू नाही.

दोन, तुमचे किंगपिन बेअरिंग (पुढचं चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ते) तपासा. चाक जितकं बाहेर, तितका खड्ड्याचा झटका स्टिअरिंगला लांबून बसतो. किंगपिन ढिले असले तर साठच्या पुढे पुढचा अ‍ॅक्सल असा थडथडायला लागतो की स्टिअरिंग हातात ठरत नाही. लोक टायर बॅलन्सिंग करत बसतात आणि दोष दुसरीकडेच असतो.

मोटार_कायदा
तुम्ही सगळे नट-बोल्टात अडकलात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ (४) लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही कंपनीने ठरवलेल्या रचनेत फेरफार नको असं स्पष्ट केलंय. ९१ ची गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलंच. इन्स्पेक्टरला पत्र्याबाहेर आलेला टायर आधी दिसतो. अपघात झाला तर विमावालाही तोच फोटो काढेल.

डिस्पोजलभाऊ
रस्त्यावर निम्म्या थारांचे टायर पत्र्याबाहेर असतात, त्यांना कोण विचारतं?

मोटार_कायदा
ज्याला विचारतात तो इथे लिहायला येत नाही.

ओम्कारेश्वर_पूल
वेल्ह्याला जाताय तर तोरणा करणार का? पाबे घाटातून जा, रस्ता बरा झालाय म्हणतात. पिठलं-भाकरी कुठे चांगली मिळते ते सांगू का?

रानगवा
स्टड. स्टड. स्टड.

घाटमाथा
बरं, चिडू नका. एका चाकाचा नट काढा, चाक उतरवा आणि ड्रमच्या सपाट पाठीपासून स्टड किती बाहेर येतो ते मोजा. रिमच्या पत्र्याची जाडीही मोजा, भोकाजवळची.

रानगवा
मोजलं. स्टड २७ मिली. रिमचा पत्रा ४.

घाटमाथा
२७ मधून स्पेसरचे १५ आणि रिमचे ४ गेले की उरले ८. पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिली, म्हणजे नट सहा फेरे धरतो. स्टडच्या व्यासाइतका तरी नट बसायला हवा, १२ मिली, म्हणजे जवळपास दहा फेरे. लोखंडी रिमला नटाचा उतरता भाग भोकात शिरतो त्यामुळे एखादा फेरा इकडेतिकडे होईल, पण सहावर गाडी चालवायची नाही. मूळ स्टडपेक्षा १५ मिलीने लांब घ्या, हिशोब जसाच्या तसा परत येतो. फार लांब घेतलात आणि नट बंद टोकाचे असतील, तर नट तळाला टेकेल. हाताला आवळल्यासारखं वाटेल आणि चाक मात्र ढिलंच.

ताणशक्ती
यात लांबीपेक्षा महत्त्वाचं राहिलं. स्टडच्या डोक्याखाली जे दाते असतात त्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. जुना स्टड काढून मोजा, अंदाजाने नको. दात्यांचा व्यास लहान निघाला तर नट आवळताना स्टड जागेवर फिरतो आणि नंतर रस्त्याकडेला नट निघता निघत नाही. मोठा निघाला तर ठोकून बसवताना फ्लॅंजला चीर जाते. दुकानात 'जिप्सीचा लांब स्टड' मागितला तर मिळणार नाही. 'एम १२, १.२५ पिच, दाते अमुक मिली, दात्यांखालची लांबी अमुक' असं मागा आणि जुना स्टड हातात ठेवा. दुसऱ्या कुठल्या गाडीचा जुळला तरी चालेल, ग्रेड मात्र डोक्यावर कोरलेला बघा.

लेथवाला_भोसरी
आणि नाहीच मिळाला तर?

ताणशक्ती
तर रिम.

गॅरेज_सांगली
उशिरा आलो. मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग कोणी घेतलाच नाही, हब खोलावा लागतो का. लागतो, चारही चाकांना.

मागे: ड्रम काढा, बॅकिंग प्लेटचे चार नट काढा, अ‍ॅक्सल शाफ्ट ओढून बाहेर घ्या. तसाच ठेवून स्टड मागून घालायला जागा नाही. शाफ्ट निघाला की ऑइल सील नवा टाकायचाच. मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली, बाहेरून कोणीतरी स्टड बदलून सील तोच ठेवला होता. ड्रम उघडला तर लायनर गिअर ऑइलने ओलाचिंब, वास सगळ्या शेडभर. मागचा डावा ब्रेक नावालाच होता.

पुढे: ब्रेकचा कॅलिपर, फ्री व्हील हब, मग बेअरिंगचे नट. परत बसवताना ग्रीस नवं आणि बेअरिंगचा ताण नीट सेट करायचा. ज्याच्या हाताला याची सवय नाही त्याच्याकडे देऊ नका.

स्टड प्रेसवर बसवा. बरेच जण नटाखाली वायसर लावून आवळून ओढतात. त्यात आटे ताणले जातात आणि स्टड वापरायच्या आधीच अर्धा मेलेला असतो.

स्पेसर आणि ड्रममधला गंज वायर ब्रशने पूर्ण काढा. गंजाचा पापुद्रा राहिला तर तो दोन दिवसांत चुरतो आणि नट सैल पडतात. आट्यांना तेल नको, टॉर्क रेंचनेच आवळा, समोरासमोर. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत तपासा.

पाना_पक्कड
तेल नको? आमच्याकडे थेंबभर तरी लावतातच, नाहीतर पुढच्या वेळी नट जाम.

गॅरेज_सांगली
कोरड्या आट्यांसाठीचा टॉर्क तेलकट आट्यांवर दिला तर स्टड जास्त ताणला जातो. जाम व्हायची भीती असेल तर दर सहा महिन्यांनी चाकं काढून घाला.

मांडवी_काठ
आमच्याकडे गोव्यात समुद्राकडेच्या गाड्यांना हा गंज फार. अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर आणि लोखंडी ड्रम असा चिकटतो की हातोडीशिवाय सुटत नाही. बसवण्याआधी मधल्या गोलाला पातळ ग्रीस लावा, सपाट तोंडाला मात्र नको.

जुनी_मोटार
रानगवा, मागे घासत नाही ना? मग मागचे शाफ्ट कशाला उघडताय?

रानगवा
दिसायला सारखं नको का, काका? पुढे रुंद आणि मागे अरुंद.

जुनी_मोटार
दिसण्यासाठी दोन ऑइल सील आणि एक दिवसाची मजुरी. तुमची गाडी, तुमची मर्जी.

रानगवा
ठीक. आधी पुढचेच करतो. उद्या एक स्टड काढून दाते मोजतो आणि आकडा इथे टाकतो. कोणाकडे जुळणारे दहा पडून असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा, रोख देतो. रविवारी वेल्ह्याला मित्राच्या गाडीतून जाईन.

ओम्कारेश्वर_पूल
मग पिठलं-भाकरीचं सांगू का?

नवखा_चालक
धागा वाचला, छान माहिती. माझ्याकडे ओम्नी आहे. तिला हेच १५ चे स्पेसर चालतील का? लवकर सांगा.