आ ला रोंद: सोळा बाजू आणि त्यामागचं गणित
इंग्लंडमधल्या एक्समथ गावाजवळच्या ‘आ ला रोंद’ या घराला अष्टकोनी म्हटलं जातं. तो आकार फक्त मधल्या दालनाचा. बाहेरून घराला सोळा बाजू आहेत. डेव्हन परगण्यातलं हे घर जेन आणि मेरी पार्मिंटर या चुलत बहिणींनी युरोपची लांब सफर करून आल्यावर 1790च्या दशकात बांधून घेतलं.

खरी गंमत आराखड्यात आहे. दालनाभोवती खोल्या, आणि दोन खोल्यांमध्ये उरणाऱ्या पाचरीत छोट्या कोठड्या. कोठड्यांच्या खिडक्या पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या, त्याही बाहेरच्या कोपऱ्यावर बसवलेल्या, म्हणजे अर्धी काच एका भिंतीत, अर्धी दुसरीत! सकाळी पूर्वेच्या खोलीत बसायचं आणि उन्हाबरोबर सरकत जायचं, अशी सोय.

आजचं कौलारू छप्पर मात्र मूळचं नव्हे. आधी गवताचं शाकारलेलं होतं. कौलं आणि छपरातल्या खिडक्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रायकेल या पाद्र्याने घातल्या. मेरीच्या मृत्युपत्राप्रमाणे घर फक्त नात्यातल्या अविवाहित स्त्रियांकडे जायचं; याला अपवाद म्हणजे रायकेल, तो एकमेव पुरुष मालक ठरला. 1991पासून घर नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे आहे. वरच्या सज्जातलं शिंपल्यांचं आणि पिसांचं काम इतकं नाजूक आहे की तिथे पाहुण्यांना सोडत नाहीत, खालूनच पडद्यावर दाखवतात.