एप्रिलमधलं गुईलिन: चार दिवसांसाठी मुक्काम शहरात की नदीकाठी?

डोंगरवेडी: सध्या हाँगकाँगला असते. एप्रिलच्या मध्यात, छिंगमिंगची (पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाची) सुट्टी संपल्यावर, आईबाबांना चार दिवस दक्षिण चीनमधल्या गुईलिनला नेतेय. गुईलिन शहरात राहूच नये, असं माझं ठाम मत आहे. यांगशुओ स्टेशनला उतरून सरळ ली नदीकाठचं शिंगपिंग गाव गाठावं. स्टेशन नावालाच यांगशुओचं. यांगशुओ गाव तिथून तासाभरावर, शिंगपिंग मात्र अगदी जवळ. वीस युआनच्या नोटेमागचं ली नदीचं चित्र इथलंच. पहाटे घाटावर उभं राहिलं तर समोरचा डोंगरही दिसत नाही, नुसता बोटींच्या इंजिनांचा आवाज. मग धुकं वर सरकतं आणि एकामागे एक सुळके उघडे पडतात. पुढचे काळपट हिरवे, मागचे राखाडी. हे पाहायचं तर मुक्काम तिथेच हवा.

शहरवासी: साफ असहमत. एप्रिलमध्ये तिथे पाऊस लागतो. दोन दिवस झोडपलं तर त्या छोट्या गावात आईबाबा काय करणार, खोलीत बसणार? शहरात रीड फ्लूट गुहा आहे, बाहेर कितीही कोसळू दे. आत थांग राजवटीच्या काळातले, इसवी सन ७९२ पासूनचे शाईने लिहिलेले लेख आहेत. संध्याकाळी पाऊस उघडला की हत्तीसोंड टेकडीपाशी फेरी. हिरवाई शहरातही भरपूर आहे.

डोंगरवेडी: पाऊस आहे म्हणून तर धुकं आहे! कोरड्या ऑक्टोबरात तेच डोंगर स्वच्छ दिसतात, पण ती जादू नसते.

पाठीवरची_सॅक: दोघंही लोंगजीच्या भातखाचरांना विसरलात. शहरातून गाडीने दोन-अडीच तास. पिंगआन हे च्वांग लोकांचं गाव, दाचाय याओ लोकांचं. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत कोरलेला आहे. हे सोडून नदीकाठी बसून राहणं मला पटत नाही.

डोंगरवेडी: खाचरांत पाणी सोडतात ते मे अखेर ते जूनमध्ये, पीक सोनेरी होतं सप्टेंबरअखेर. एप्रिलमध्ये बरीचशी उघडी माती. त्यात गावभर पायऱ्या आणि आईचे गुडघे दुखतात. चारातला एक अख्खा दिवस त्यावर घालवणार नाही.

पाठीवरची_सॅक: मग जूनमध्ये जा ना.

शहरवासी: जूनचं नावही काढू नका. जून २०२४ मध्ये ली नदीला मोठा पूर आला, शहरात पाणी शिरलं. पाणी चढलं की तराफेही बंद ठेवतात. आणि ली नदीवर यांगदी ते शिंगपिंग जाणारे ते तराफे बांबूचे नाहीत, प्लास्टिकच्या नळ्यांचे आहेत, मोटर लावलेले.

डोंगरवेडी: म्हणूनच तराफ्यासाठी युलोंग नदीवर जाणार. तिथे खरे बांबू आणि ढकलायला काठी. मोटरचा आवाज नाही.

ठाणेकर_खवय्या: आईबाबा शाकाहारी असतील तर माझं मत शहराच्या बाजूने. गुईलिनच्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवया भाजी घालून दिल्या तरी रस्सा बहुधा हाडांचाच असतो. शहरात पर्याय जास्त. कुठेही गेलात तरी चिनीत लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये ठेवा: मांस, मासे, हाडांचं पाणी, डुकराची चरबी नको. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर चरबीत परतलेली भाजी येते. अलीपे या पैसे द्यायच्या ॲपला कार्ड निघण्याआधीच जोडा.

डोंगरवेडी: चिठ्ठी आजच बनवते. लसूण घालून परतलेली पालेभाजी, वांगं, टोफू, भात शिंगपिंगलाही मिळतं. शेवटची रात्र शहरात काढेन, पण आधीच्या नदीकाठीच.

शहरवासी: एक रात्र कमीच आहे. सलग पाऊस लागला तर माझं म्हणणं पटेल.