मदत हवी आहे: पाळीव उंदरांची पिल्लं घरी घ्यावीत की नाही?

रानजाई:
जरा लवकर उत्तरं द्या, या आठवड्यात ठरवायचंय. माझ्याकडे पाळीव उंदरांची मादी आहे, चितकबरी आणि फार गुणी. ओळखीतून एक नर मिळतोय. एकदाच पिल्लं घ्यायची आहेत. शोधलं तर निम्मे लोक म्हणतात 'अजिबात नको' आणि उरलेले म्हणतात 'त्यात काय एवढं'. जबाबदारीनं करायचं तर नक्की काय बघायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा.

दगडफूल:
मादीचं वय? वजन? आधी व्यालेली आहे का? एकटी राहते की सोबत कुणी आहे? नर कुठला, त्याचं वय काय? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

जुना_पिंपळ:
उंदीर एकदा घरात झाले की आवरत नाहीत. आधी भोकं बुजवा. करंगळीएवढ्या फटीतूनही उंदीर आत येतो. ओट्याखालचे पाइप जिथे भिंतीत शिरतात तिथे तारेची जाळी कोंबून वरून सिमेंट लावा. विष टाकू नका, कपाटामागे मरून पडतात आणि वास जाता जात नाही.

रानजाई:
पिंपळकाका, माझे उंदीर पाळीव आहेत, घालवायचे नाहीत!
दगडफूल, मादी तब्येतीनं ठणठणीत आहे. नर फिकट पिवळा आहे, देखणा आहे. पिंजरा तारेचा, मोठा आहे. अजून काय हवं?

सावळी:
मी काही वर्षं पैदास केली आहे, म्हणून लिहिते. पिल्लं होणं अवघड नाही. नरांचं पुढे काय करणार, सगळं तिथे अडतं.

मादी १९ ते २१ दिवसांत विते. एका वेतात ८-१० पिल्लं सहज होतात, कधी १२च्या वर जातात. त्यातले निम्मे नर धरा. माद्या एकत्र गुण्यागोविंदानं राहतात, वाढलेले नर राहत नाहीत. सख्खे भाऊ कालपर्यंत एकमेकांना चिकटून झोपत असतात आणि एके सकाळी एकाच्या पाठीवर, शेपटीच्या बुडाशी चावे दिसतात. म्हणजे पाच नर झाले तर पाच पिंजरे, पाच चाकं, पाचांची सफाई, तीही पुढची दीड-दोन वर्षं. नराच्या मुताचा वास उग्र असतो, त्यामुळे नर कुणी मागतही नाही. माझ्याकडच्या माद्या हां हां म्हणता गेल्या, नर शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिले. ते मला जड नव्हते, कारण जागा आधीच करून ठेवली होती. तुमची तशी तयारी आहे का? 'बघू, नेऊ एखादं' म्हणणाऱ्यांना धरू नका.

आणि पिंजरा तारेचा म्हणता, तर पिंपळकाकांचं करंगळीचं माप तुम्हालाही लागू आहे. तीन आठवड्यांचं पिल्लू तारांमधून सहज निसटतं. पिल्लांसाठी काचेची टाकी आणि वर बारीक जाळी हवी.

झुळूक२:
एवढं घाबरवायचं कारण नाही. आमच्याकडे जोडी कायम एकत्र असायची. बाप पिल्लांना ऊब देतो, चाटतो, छान सांभाळतो. आम्ही नर कधीच वेगळा काढला नाही.

सावळी:
बाप सांभाळतो हे खरंच आहे. पण मादी व्यायल्यावर चोवीस तासांच्या आतच पुन्हा माजावर येते. नर तिथेच असेल तर अंगावर एक वेत पीत असतं आणि पोटात दुसरं वाढत असतं. तुमच्याकडे किती वेतं झाली ओळीनं?

झुळूक२:
बरीच झाली. पण सगळी पिल्लं दिली.

सावळी:
कुणाला दिली आणि पुढे त्यांचं काय झालं, ठाऊक आहे का? मादीचं पोट दिसायला लागलं की नर काढायचा, व्यायची वाट बघायची नाही. यात मी तडजोड करणार नाही.

टिपकागद:
रंगाचं कुणी बोललं नाही. नर पिवळा आहे म्हणता. मादीचे डाग कुठल्या रंगाचे?

रानजाई:
तेही पिवळेच, गडद. म्हणून तर जोडी छान दिसेल असं वाटलं.

टिपकागद:
मग थांबा. उंदरांत पिवळ्या रंगाचं एक प्रभावी जनुक असं आहे की ते आई आणि बाप दोघांकडून आलं तर ते पिल्लू गर्भातच मरतं. दोन्ही पिवळे असले तर चारातलं एक असं जातं. जन्मलेल्यांत पिवळे आणि बाकीचे यांचं प्रमाण तीनास एक न येता दोनास एक येतं. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युएनो यांनी १९०५ मध्ये हे आकडे मांडले होते. जगलेले पिवळे उंदीरही पुढे बेढब लठ्ठ होतात.

दगडफूल:
अर्धंच सांगताय. प्रत्येक पिवळा उंदीर त्या जनुकाचा नसतो. अप्रभावी जनुकामुळे आलेला पिवळाही असतो, त्यात गर्भ मरत नाहीत. नुसत्या रंगावरून सांगता येत नाही.

टिपकागद:
मान्य. पण म्हणूनच आईबाप, आजी-आजोबा माहीत हवेत. रानजाई, नराची आधीची पिढी कुणी पाहिली आहे का? कुणी शिंकणारं, घरघरणारं होतं का? मायकोप्लाझ्मा या श्वासाच्या रोगाच्या जंतूचा संसर्ग वर्षानुवर्षं कळपात दबून राहतो आणि आईकडून पिल्लांत उतरतो. माद्यांना स्तनाच्या गाठी होण्याकडेही काही घराण्यांचा कल असतो.

अबोली_प:
आमच्या हॅमस्टरनं तिची पिल्लं खाल्ली होती, तेव्हापासून मी या फंदात पडत नाही. उंदीरही खातात का?

सावळी:
खातात, पण बहुधा काही बिनसलं तरच: पहिलटकरीण घाबरली, घरटं सारखं उचकटलं, पाणी संपलं, किंवा पिल्लू आधीच मेलेलं असलं. बाकी हाताला सवयीची मादी दुसऱ्या दिवशीही बघू देते. तिला खाऊ देऊन बाजूला घ्यायचं आणि झटपट पिल्लं मोजायची. लालबुंद, केस नसलेलं पिल्लू प्यालेलं असेल तर पोटाच्या कातडीतून दुधाचा पांढरा ठिपका स्पष्ट दिसतो. तो दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा.

आणखी एक, घरात कुणी गरोदर असेल तर हा विषयच सोडा. उंदरांकडून माणसाला लागणारा एक विषाणू, एलसीएमव्ही, पोटातल्या बाळाला गंभीर इजा करू शकतो.

दगडफूल:
रानजाई, मादीचं वय अजून सांगितलं नाहीत. दुसऱ्यांदा विचारतेय.

रानजाई:
वर्षाची असेल, थोडी जास्तच. म्हणूनच तर घाई करतेय! दोन वर्षं जगतात, मग ती गेल्यावर तिचं काहीच उरणार नाही माझ्याकडे. हाक मारली की ती घरट्यातून अर्धी बाहेर येते आणि मिशा हलवत थांबते. तसं दुसरं कुणी मिळेल का?

दगडफूल:
मग उत्तर नाही असंच आहे, वाईट वाटलं तरी. पहिलं वेत तीन-चार महिन्यांच्या वयात घेतात. आठ महिन्यांनंतर पहिलटकरणीला घेतच नाहीत. कमरेची हाडं तेव्हा पुरेशी सैल होत नाहीत, पिल्लू अडलं तर मादी आणि पिल्लं दोन्ही जातात. एवढ्याशा जनावराचं सिझेरियन करणारा पशुवैद्य रात्री कुठे शोधणार?

झुळूक२:
आमची एक दहा महिन्यांची व्याली होती, काही झालं नाही.

दगडफूल:
आधी व्यालेली होती का?

झुळूक२:
हो, ते खरं.

सावळी:
रानजाई, तुमची कळकळ कळते. पण मिशा हलवत थांबणं पिल्लांत उतरेलच असं नाही, त्यातला मोठा वाटा तुमच्या हातांचा आहे. आणि ती एकटी राहते ना? मादीला सोबत लागते. वर्षाची असली तरी दोन तरण्या माद्या तिला चालतील, बहुधा आवडतीलही.

रानजाई:
एकटीच आहे. ती दिवसभर एकटी असते हे माझ्याही मनात सलत होतं. नर आणू नये असं दिसतंय. मग दोन माद्या आणल्या तर लगेच एकत्र ठेवायच्या का? भांडल्या तर?

सावळी:
लगेच नाही. दोन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा, शिंका आणि श्वासाचा आवाज ऐकत राहा. मग तिचा पिंजरा पूर्ण धुऊन, भुसा, घरटं, चाक सगळं जागचं हलवून तिघींना एकदमच आत सोडा, म्हणजे ती जागा कुणाचीच राहणार नाही. थोडी चूंचूं आणि पाठलाग होईल, ते चालू द्या. रक्त दिसलं तरच वेगळ्या करा. देवदाराचा भुसा नको, त्याच्या वासानं श्वासाला त्रास होतो.

जुना_पिंपळ:
आणि पळालेल्या पाळीव उंदराची घरातल्या जंगली उंदराशीही जोडी जमते, जात एकच आहे. म्हणून भोकं बुजवाच.

दगडफूल:
पिंपळकाका, हे मात्र अगदी बरोबर.
रानजाई, 'दोन्ही माद्याच आहेत' या शब्दावर आणू नका. उंदीर पाचव्या-सहाव्या आठवड्यातच वयात येतात, म्हणजे एखादा नर निघाला तर तुमची म्हातारी गाभण राहील आणि सगळं पुन्हा तिथेच. शेपटीखाली बघा, दोन छिद्रांमधलं अंतर नरात ठळक जास्त असतं, मादीत ती जवळजवळ असतात. आणण्याआधी फोटो इथे टाका, बघून सांगते.