मदत हवी आहे: बाळाची साल निघतेय, डाळीचं पीठ लावायचं का?

बाळंतपणाला माहेरी, सोलापूरला आले आहे. लेक दहा दिवसांची. ४१ आठवडे उलटून गेल्यावर झाली. दूध छान ओढते, शी-शू व्यवस्थित. पण घोट्यांवर, मनगटांवर आणि पोटावर साल निघतेय, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. तळपायाला बारीक चिरा आहेत, पण रक्त नाही. लाली नाही, पुरळ नाही.

न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी म्हणतात, पोटातला मळ आहे, डाळीचं पीठ, हळद आणि साय लावून चोळलं की जाईल. मग चांगलं खसखसून चोळणं, वर कढत पाणी, शेवटी शेगडीवर ओव्याची धुरी. आई त्यांच्याच बाजूची, कारण मलाही याच मावशींनी न्हाऊ घातलं होतं (आता यावर काय बोलणार!). चोळलं त्या संध्याकाळी साल जास्तच दिसते, असं मला वाटतं. नवरा पुण्याहून सुगंधी बेबी लोशन पाठवतोय.

त्यात मे महिना, पारा ४२ च्या आसपास. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून अंघोळीला बोअरचं, बादलीला पांढरा थर धरणारं. पीठ बंद करू का? तेल कुठलं लावू? डॉक्टरांकडे आत्ताच न्यावं का?

निवृत्त_परिचारिका:
पीठ आजच बंद करा. हा मळ नाही. पोटात बाळाच्या अंगावर पांढरा चिकट लेप असतो. दिवस उलटले की तो आधीच विरतो आणि कातडी उघडी पडते. म्हणून उशिरा झालेल्या बाळांची साल जास्त निघते. खालची त्वचा चांगली असते. साधारण दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबतं. सुटलेली साल ओढून काढू नका, खालची कोवळी कातडी फाटते.

पाणी कोमट, कोपर बुडवून बघायचं. अंघोळ पाच-दहा मिनिटांत उरका, दिवसाआड घातली तरी चालते. अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा. मोहरीचं तेल नको, ऑलिव्हही नको. सुगंधी लोशन आणि पावडर राहू दे. धुरी तर अजिबात नको, तो धूर लेकराच्या छातीत जातो.

लाली पसरली, पाणी भरलेले फोड आले, पू झाला, चिरांतून रक्त आलं, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, किंवा बाळ दूध ओढेना, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. यातलं काही नसेल तर लसीकरणाला जाल तेव्हा दाखवलंत तरी चालेल.

दोन_लेकरांची_आई:
मावशींना नाही म्हणू नका, काम बदलून द्या. आमच्याकडे पिठाची वाटी उचलून खोबरेलाची वाटी पुढे ठेवली आणि "डॉक्टरांनी चोळायला मनाई केलीय" म्हटलं. डॉक्टरांचं नाव घेतलं की आजीसुद्धा गप्प बसते. बोअरच्या पाण्याचे क्षार कातडी आणखी कोरडी करतात. शेवटचा तांब्या आरओच्या कोमट पाण्याचा घालत जा.

आणि एक, तुम्ही सोलापूरच्याच म्हणून सांगते. बारशाला कोरे टॉवेल येतील ढिगाने. खळ जाईपर्यंत धुतल्याशिवाय एकही बाळाला लावू नका. तोवर आईची जुनी सुती साडी फाडून घ्या.

धागाकर्ती:
दोघींचे आभार. पीठ बंद. साडी आईनेच काढून दिली, म्हणजे निम्मी लढाई जिंकली. कुलर लावला तर चालेल का? उकाड्याने ती झोपतच नाही.

निवृत्त_परिचारिका:
चालेल. कुलरने हवेत थोडा ओलावाही येतो. झोत थेट अंगावर नको, टाकीतलं पाणी वरचेवर बदला. आणि दुपारी तिला दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवू नका, एक पातळ झबलं पुरे.